याला ऊन दाखवू नका

९ जानेवारी

धाकटे,

पाकीट बघून घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोनवर तुझं निम्मं मला ऐकू येत नाही आणि माझं निम्मं तू ऐकून घेत नाहीस, म्हणून लिहायला बसले. शिवाय ही गोष्ट मोठ्यानं बोलण्यासारखी नाही. भिंतींना दोन कान असतात म्हणे, आमच्या शेजारणीला चार आहेत.

आईचं लॉकेट आठवतंय ना, जांभळ्या खड्याचं? पावडरच्या डब्यात कापसात गुंडाळून ठेवायची, संध्याकाळी कुठे जायचं असलं तरच गळ्यात घालायची आणि घरी आल्या आल्या पुन्हा डब्यात. ‘याला ऊन दाखवू नका’ म्हणायची. आपण हसायचो, कारण आई तर आपल्यालाही ऊन दाखवायची नाही. ती गेल्यावर ते माझ्याकडे आलं. मी काही डब्यात ठेवत नव्हते, नुसतं कपाटाच्या खणात पडून असायचं, घालतही नव्हते फारसं. दिवाळं निघाल्यासारखी तीच ती कापडं घालणाऱ्या बाईनं लॉकेट कुठे मिरवायचं?

तर खडा हलायला लागला. त्याला धरून ठेवणारे चार दात झिजले होते. चिमटेकाकांकडे दिलं. दुसऱ्या कुणाकडे देणार? बाबांचा मित्र, आपल्या कानातल्यांपासून सगळं त्यांच्याच हातचं. अजूनही कानामागे चिमटा खोचून बसतात पेढीवर, खिडकीजवळ, खडे बसवायच्या टेबलाशी. ‘सोनं जोडायचा टाकणखार संपलाय, जरा थांब’ करत त्यांनी बरेच दिवस लावले. परत मिळालं तेव्हा मी डबी उघडली आणि बघतच राहिले. खडा पाण्यासारखा पांढरा. धुतलेल्या बाटलीच्या तळासारखा.

मी म्हटलं, “काका, हा आपला खडा नाही.” त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. “तू दिलास तोच बसवलाय,” एवढंच म्हणाले. मान काही वर केली नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय?

तुझी भाची सुट्टी संपवून कॉलेजसाठी तुझ्याकडे परत येते आहे. तिच्या गळ्यातच घालून पाठवते, म्हणजे प्रवासात हरवायला नको. तू रत्नं तपासतेस, तुला काय ते कळेल. नीट बघ आणि खरं ते कळव.

ताई

*

२० जानेवारी

ताई,

भाची सुखरूप पोचली आणि आल्या आल्या माझा फ्रिज रिकामा केला. लॉकेटही पोचलं.

तुला आवडणार नाही, पण खडा काच आहे.

मी नुसतं रंगावरून बोलत नाही. आमच्या टेबलावर एक छोटं यंत्र असतं. खड्याची सपाट बाजू त्यावर ठेवली की प्रकाश आत शिरताना किती वाकतो त्याचा आकडा मिळतो. तुझ्या खड्याचा आला १.४८. ॲमेथिस्ट असता तर दीडच्या वर गेला असता. मग दोन खास काचांच्या मध्ये धरून फिरवला. बहुतेक रत्नं आत शिरलेल्या किरणाचे दोन करतात, त्यामुळे फिरवताना ती उजळतात आणि मावळतात. हा सगळीकडून काळाच राहिला, साधी काच राहते तसा. भिंगाखाली दोन गोल ठिपके दिसले, म्हणजे बुडबुडे. कोंदणातून काढायचा नव्हता म्हणून पाण्यात तोलला नाही, पण त्याची गरजही वाटली नाही.

छापील दाखला सोबत जोडते आहे.

चिमटेकाकांचं वाईट वाटतं. मला चिमटा धरायला त्यांनीच शिकवलं. पण आमच्या कामाचा पहिला नियम आहे की तपासताना माणूस आठवायचा नाही. मी तो पाळला. आकड्यांना काका-मामा नसतात.

फार आरडाओरडा करू नकोस. आपल्या घरातली गोष्ट, घरातच विचार.

तुझी धाकटी

*

११ फेब्रुवारी

धाकटे,

तू म्हणालीस आरडाओरडा करू नकोस. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी पेढीवर गेले आणि केला.

मला फक्त विचारायचं होतं. पण आत पाऊल टाकलं आणि काका शांतपणे कुणाच्या तरी अंगठीत खडा बसवत होते. असं डोकं फिरलं सांगू! तुझा दाखला काढून त्यांच्या टेबलावर आपटला. “माझ्या आईचा खडा खाल्लात आणि मला काच दिलीत,” मी म्हणाले. पेढी भरलेली होती. दोन गिऱ्हाइकं हातातल्या वस्तू ठेवून उठली. मालक आले, त्यांनी दाखला वाचला, काकांना विचारलं, “काय म्हणता यावर?”   काकांनी कानामागचा चिमटा काढला, फडक्यात गुंडाळला, चपला घातल्या आणि गेले.

मालकांनी दुसऱ्याच दिवशी दुसरा माणूस बसवला. गल्लीत तर काय, बातमीला पाय फुटायची गरजच नव्हती, मीच ओरडले होते. काकू परवा दिसल्या, रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या. लहानपणी माझ्या वेण्या घातल्यात त्यांनी.

तू एकदा सांग की मी बरोबर केलं. काच ती काचच ना? तुझं यंत्र कधी चुकत नाही ना?

भाची दोन दिवस येऊन गेली, तिच्या गळ्यात लॉकेट परत आलं. मला ते बघवेना म्हणून आईच्या डब्यात घातलं, पुन्हा कापसात गुंडाळून. कपाटात कपड्यांच्या खाली आहे.

ताई

*

२ जून

ताई,

फेब्रुवारीच्या पत्राला मी चार ओळींचं कार्ड पाठवलं, ‘तू बरोबर केलंस’ म्हणून. ते कार्ड फाडून टाक. आणि हे पत्र बसून वाच.

आमच्या खोलीत अतिनील दिवा असतो. त्याच्या उजेडात काही रत्नं पेटल्यासारखी चमकतात. जानेवारीत त्याची नळी गेली होती, नवी मागवली होती. तुझ्या खड्यावर तो दिवा धरायला हवा होता, तो माझ्या तपासणीचा भाग आहे. मी म्हटलं, काचेला कसला दिवा दाखवायचा? आणि दाखल्यावर सही केली.

परवा नळी आली. ती बरोबर चालते का हे बघायला मी नमुन्यांच्या खणातले खडे एकेक करून खाली धरत होते. त्यात एक होता फिक्कट, जवळजवळ पांढरा. दिव्याखाली तो निखाऱ्यासारखा नारिंगी पेटला. दिवा बंद केला तर माझ्या हातात गर्द जांभळा खडा. ताई, आईचाच रंग. मी ओरडलेच. सोबतिणीला दाखवायला खिडकीशी नेला, ती चहा ओतत होती. तिचा चहा निवायच्या आत खडा पुन्हा पांढरा.

याला हॅकमनाइट म्हणतात. दुर्मीळ आहे. दागिन्यात बसवण्याजोगा स्वच्छ तुकडा तर इतका क्वचित मिळतो की या टेबलावर एवढी वर्षं काढून मी तो कुणाच्या गळ्यात पाहिलेला नाही. मऊ असतो, चाकूनं ओरखडा उठेल इतका. आणि त्याचा आकडा १.४८. किरणाचे दोन करत नाही. दोन काचांमध्ये काळाच राहतो. म्हणजे मी जे जे मोजलं, ते सगळं काचेचंही असतं आणि याचंही. त्यातला आणि काचेतला फरक ज्या दिव्यानं कळला असता, तेवढाच मी लावला नाही. मी बुडबुडे म्हणाले ते काय होते देवास ठाऊक. काचच बघायची असं ठरवलं की बुडबुडेही दिसतात.

त्या दिवसापासून अन्न गोड लागत नाही. पेढीवर तू बोललीस, पण शब्द माझे होते. छापील होते.

अजून खात्री नाही. कदाचित खरंच काच असेल. (असावी असं मला एक क्षण वाटलं, तेही तुला सांगते. किती वाईट असतं माणूस!) लॉकेट लगेच पाठव. मी दिवा धरीन, आणि जे असेल ते काकांना मी स्वतः सांगेन. ते कसे आहेत? काय करतात आता?

धाकटी

*

१९ जून

धाकटे,

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. माझा गुडघा पुन्हा बोलायला लागलाय. समोरच्यांनी गॅलरीला हिरवा रंग दिला, डोळे दिपतात नुसते.

काका बरे आहेत. चौकातल्या चष्म्याच्या दुकानात बसतात, काड्यांचे स्क्रू बसवायला. बसून काम आहे, सावलीत आहे, त्यांच्या वयाला तेच बरं. तिथल्या मालकानं मोडक्या काड्या डाग देऊन जोडायचंही काम देऊ केलं होतं, पण म्हणे आगीचं काम करणार नाही. म्हातारपणी नाही झेपत.

लॉकेटचं म्हणशील तर तो डबा कुठे ठेवला तेच आठवत नाही. सापडला की बघू. आणि एक सांगू का? झालं गेलं गंगेला मिळालं. आता जो तो आपापल्या जागी लागलाय. तू मोठी शिकलेली, तुला पुस्तकात रोज नवं काही सापडणार. प्रत्येक वेळी आम्ही इथे माती उकरायची का?

भाचीला म्हणावं पत्र लिही.

ताई

*

२४ जून

ताई,

तुला डबा आठवत नाही? बाबांच्या विम्याचे कागद कुठल्या वर्षी कुठल्या खणात होते ते आठवणाऱ्या बाईला? फेब्रुवारीत तूच लिहिलंस, कपाटात, कपड्यांच्या खाली.

मी आणखी वाचलं. या खड्याला दिवाच लागतो असं नाही. उजेडानं याचा रंग जातो, आणि काही खाणींतल्या खड्यांना नुसतं अंधारात ठेवलं तरी रंग परत भरतो, हळूहळू, काही आठवड्यांत. आई डब्यात का ठेवायची ते आत्ता कळलं. तिला नाव माहीत नसेल, आकडा माहीत नसेल, पण खडा उन्हात उतरतो एवढं तिनं कधीतरी पाहिलं असणार. काकांकडे तो खिडकीशी पडून होता. नंतर तुझ्या टेबलावर, मग भाचीच्या गळ्यात, मग माझ्या दिव्यांखाली. त्याला अंधार मिळाला तो फेब्रुवारीत, तू डब्याचं झाकण लावलंस तेव्हा.

आता मला सांग, तू तो डबा त्यानंतर उघडलास का?

मी रागावून विचारत नाही. रागवायला मला तोंड कुठे आहे? पण तुझ्या पत्रात ‘काच असेल’ असं एकदाही आलं नाही. तुझ्या जागी दुसरी असती तर म्हणाली असती, वेडे, काचच आहे ती. तू म्हणालीस उकरू नकोस. जे पुरलेलं असतं तेच उकरलं जातं.

काकांना मी आजच लिहिते आहे. माझं चुकलं तेवढं लिहीन. तुझ्याबद्दल काही लिहिणार नाही. पण डबा त्यांच्यासमोर तूच नेऊन ठेव.

धाकटी

*

५ जुलै

उघडला होता.

मार्चमध्ये. शेजारणीकडच्या लग्नाला काहीतरी घालायला हवं होतं, ते शोधताना डबा हाताला लागला. कापूस उलगडला. जांभळा. पूर्ण नाही, पण जांभळा. मला वाटलं माझे डोळे गेले. झाकण लावलं. पुन्हा उघडलं. तसाच.

मी तेव्हाच पेढीवर जायला हवं होतं. चप्पल पायात घातलीही होती. मग डोळ्यांपुढे ते सगळे आले, मालक, ती दोन गिऱ्हाइकं, काकू. मी एवढ्या मोठ्यानं बोलले होते गं. तेवढ्याच लोकांत जाऊन काय सांगायचं, खड्यानं मला वेडं बनवलं? कोण विश्वास ठेवणार? असं मी मनाला सांगितलं. खरं कारण ते नव्हतं, तुला कळतंयच.

पुढचं तुला सांगणार नव्हते. पण तू भाचीची मावशी आहेस, कधीही तिला माझ्यासारखं होऊ देऊ नकोस, म्हणून सांगते. मी लॉकेट खिडकीत ठेवलं. का कोण जाणे, मला वाटलं उन्हात धरावं. दुपारपर्यंत खडा पांढराफटक झाला. आणि धाकटे, मला बरं वाटलं. ‘बघ, काचच आहे’ असं मी मोठ्यानं म्हणाले, घरात कुणी नसताना. त्यानंतर डब्यात रंग भरला की मी खिडकीत ठेवायची आणि उतरला की डब्यात. तुझ्या त्या नळीच्या आधी मला सगळं कळलं होतं. तुला शोधायला पुस्तकं लागली, मला नुसती लाज पुरली.

रोज भाजी आणायला चष्म्याच्या दुकानावरून जाते. काका मान खाली घालून स्क्रू बसवत असतात. मी पलीकडच्या बाजूनं जाते. आता काकू नाही, मी रस्ता ओलांडते.

उद्या डबा घेऊन जाते. काय बोलायचं ते सुचत नाही. तू असतीस तर बरं झालं असतं.

ताई

*

२१ जुलै

पोरी,

तुझं पत्र मिळालं. मी कधी कुणाला पत्रं लिहिली नाहीत, अक्षर लागलं नाही तर भाचीकडून वाचून घे.

तू पाच वेळा माफी मागितलीस. एकदाच पुरली असती. तू लिहिलंस की तपासताना माणूस आठवायचा नाही, हा नियम पाळला तेच चुकलं. ते मला पटलं नाही. नियम बरोबर आहे. दिवा न लावणं चुकलं. कामातली चूक कामातच ठेव, तिला भलतीकडे नेऊ नकोस, नाहीतर उद्या तुला काम करता येणार नाही. हे मी अनुभवानं सांगतोय.

कारण एक गोष्ट तुम्हां दोघींना माहीत नाही. दातांना नवं सोनं चढवायचं तर आग लावावी लागते. मऊ खडा असला की तो ओल्या चिंधीत धरायचा, ही माझ्या गुरूनं पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट. त्या दिवशी मी चिंधी घेतली नाही. जवळच पडली होती, वाकायचा कंटाळा केला. खडा आधीच खिडकीशी राहून फिकट झाला असणार, पण माझं लक्ष गेलं ते आग लावून झाल्यावर. रंग नाही! मी समजलो, माझ्या हातानं जळला. तुमच्या आईचा खडा, जिच्या हातचं मी वर्षानुवर्षं जेवलो, तिचा.

म्हणून तुझ्या ताईपुढे मान खाली गेली. ती पेढीवर चोर म्हणाली तेव्हा मी ‘नाही’ म्हणू शकलो असतो. पण मग पुढचा प्रश्न आला असता, मग रंग गेला कुठे? चोर म्हटलेलं खोटं होतं, ते मला ठाऊक होतं, त्यामुळे ते सोसवलं. माझा कामाचा हात गेलाय हे मला खरं वाटत होतं, ते माझ्या तोंडून निघेना. तेव्हापासून मी आगीजवळ बसलो नाही. घरात गॅससुद्धा काकूच पेटवते.

तुझी ताई आली होती. दुकानातल्या काउंटरवर डबा ठेवला आणि नुसती उभी राहिली.  मी कापूस उलगडला. जांभळा होता, तुमच्या आईच्या गळ्यात होता तसा. मी तो दारात नेला आणि उन्हात धरला. रस्त्यावरून माणसं जात होती, मी हात पुढे करून तसाच उभा. रंग उतरताना मी पाहिला. सगळा उतरला. आग नव्हती तिथे, फक्त ऊन होतं. पोरी, मी या वयात रस्त्यावर उभं राहून रडलो.

ताई मागे येऊन उभी राहिली होती. तिनं विचारलं, “काका, परत येईल ना रंग?” मी म्हटलं, “खड्याचा येईल.” तिला समजलं. मग तिनं मार्चपासूनचं सगळं सांगितलं, खिडकीतलंही. तू तिचं नाव लिहिलं नव्हतंस, तिनं स्वतः सांगितलं. ऐकून मला राग आला, अजूनही आहे. तो जाईल असं तिला खोटं सांगितलं नाही.

लॉकेट मी ठेवून घेतलंय. एक दात अजून सैल आहे. डबा बंद करून कपाटात आत ठेवलाय. रंग भरला की बसवून देईन, या वेळी ओल्या चिंधीत धरून. काल घरी गॅस मी पेटवला.

न्यायला दोघी या. पण इथे चष्म्याच्या दुकानात नको, आणि माझ्या घरीही नको. पेढीवर या, गर्दीच्या वेळी. मी तिथे येऊन उभा राहीन. मालक असतील, गिऱ्हाइकं असतील. तू तुझा नवा दाखला वाच. आणि ताईला जे सांगायचं असेल ते तिनं तिथे सांगावं. हळू आवाजात नको. त्या दिवशी जेवढ्या मोठ्यानं बोलली होती, तेवढ्याच मोठ्यानं.

चिमटेकाका